परदेशात शिकवायला जाताय? पगाराचा आकडा नंतर बघा, आधी तारीख विचारा

ऑफर लेटर आलं की आपण सगळे एकच करतो, पगाराचा आकडा उचलायचा, फोनवर आपल्या करन्सीत कन्व्हर्ट करायचा, बाराने गुणायचं आणि मग त्या आकड्याकडे बघत बसायचं. मीही तेच केलं होतं. तेव्हा कोणी विचारलं असतं की पहिला पगार कुठल्या तारखेला येणार, तर मला सांगता आलं नसतं कारण मी शाळेला विचारलंच नव्हतं, महिनाअखेरीला येईल की, त्यात काय विचारायचं!

तर झालं असं. २२ ऑगस्टला पोचले. बँक खातं उघडायला रेसिडेन्स कार्ड लागतं, ते यायला तीन आठवडे गेले आणि खातं उघडलं १४ सप्टेंबरला. शाळेचं पेरोल, म्हणजे त्या महिन्याच्या पगाराची यादी, बंद होतं दर महिन्याच्या १० तारखेला. म्हणजे चार दिवसांनी सप्टेंबरचा पगार हुकला, तो ऑक्टोबरच्या पगारासोबत आला आणि तोही २८ तारखेला. ६७ दिवस. पगार चांगलाच होता हो, फक्त तो ६७ दिवस कागदावर होता. स्टाफरूममध्ये एका सीनियर सरांकडून पैसे उसने घेतले, त्यांनी न विचारता पाकीट पुढे केलं आणि म्हणाले, मॅडम, इथे आलेल्या प्रत्येकाचं हेच होतं, फक्त कोणी सांगत नाही.

म्हणून सांगतेय. परदेशातल्या शिक्षकाचा पैशाचा प्रॉब्लेम बहुतेक वेळा पैसे कमी असण्याचा नसतो, पैसे चुकीच्या तारखेला येण्याचा असतो. जाताना, मधल्या सुट्टीत आणि परत येताना, तिन्ही वेळेला.

सही करायच्या आधी विचारायचे प्रश्न

हे सगळं ईमेलवर विचारा, फोनवर नाही, आणि उत्तर ईमेलमध्येच मागून घ्या. लाजू नका, एचआरला हे प्रश्न रोज येतात. पहिला पगार कधी, पेरोलची कटऑफ तारीख कुठली, स्थानिक खातं उघडेपर्यंत पगार कसा देणार (रोख, चेक की घरच्या खात्यावर) आणि अॅडव्हान्स मिळतो का. बऱ्याच शाळा अॅडव्हान्स देतात, पण मागितल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही.

मग विमानाचं तिकीट. "तिकीट शाळेचं" या दोन शब्दांत दोन वेगळे अर्थ लपलेले असतात. एक, शाळा बुक करून देते. दोन, तुम्ही काढा, आम्ही नंतर देऊ. हे "नंतर" कधी पहिल्या पगारासोबत असतं तर कधी वर्ष संपल्यावर. सेटलिंग अलाउन्सचंही (नव्या ठिकाणी बस्तान बसवायला शाळा देते ते पैसे) तसंच, आणि त्यात आणखी एक गोम असते की वर्ष पूर्ण व्हायच्या आत नोकरी सोडली तर तिकीट, व्हिसा, अलाउन्स सगळं परत कापून घेतात. ते कलम शोधून वाचा, सहसा ते करारात "टर्मिनेशन" खाली असतं, "बेनिफिट्स" खाली नाही.

पगार १० महिन्यांचा की १२ महिन्यांचा, हा प्रश्न तर विसरूच नका. समजा एक शाळा महिन्याला १,२०० देतेय आणि दुसरी १,०००. पहिली भारी वाटते ना? पण पहिली १० महिने देते, दुसरी १२ महिने, वर्षाचे दोन्हीकडे १२,०००च. फरक एवढाच की पहिल्या शाळेत मोठ्या सुट्टीत दोन महिने खात्यात शून्य जमा होतं आणि नेमकं त्याच वेळी तुम्ही घरी जायचं तिकीट काढलेलं असतं. मला स्वतःला १२ महिन्यांचा पगार बरा वाटतो, शिस्त कमी लागते. पण १० महिन्यांचा असेल तर पहिल्याच पगारापासून सहावा हिस्सा बाजूला काढा, १,२०० मधले २००, आणि हे पैसे आपले नाहीतच असं धरून चाला.

आणि पगाराची फोड बघा. बेसिक किती, हाउसिंग किती, ट्रान्सपोर्ट किती. हे आत्ता कंटाळवाणं वाटेल पण शेवटी यावरच बरंच अवलंबून असतं, खाली येतंच ते.

एजंटबद्दल एक. शिक्षक मिळवून दिल्याचे पैसे शाळा एजन्सीला देते, शिक्षकाने द्यायचे नसतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या कन्व्हेन्शन १८१ मध्ये (कन्व्हेन्शन म्हणजे देशांमधला करार) सरळ म्हटलंय की खासगी एजन्सीने कामगाराकडून फी किंवा खर्च घेऊ नये. सगळ्या देशांनी ते मान्य केलेलं नाही आणि त्यात अपवादांना जागाही आहे, ते खरं, पण "प्लेसमेंट फी भरा मग शाळेचं नाव सांगतो" असं कोणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा.

निघायच्या आधीच पैसे संपायला लागतात

याचा अंदाज कोणालाच नसतो. डिग्रीची नोटरी, पोलीस क्लिअरन्स, मेडिकल, कागदांचं भाषांतर, व्हिसा फी, कुरिअर. एकेक खर्च छोटा दिसतो पण सगळे एकाच महिन्यात येतात आणि तोपर्यंत जुना पगार बंद झालेला असतो.

यात मोठा फरक पडतो तो तुम्ही जाताय तो देश अपॉस्टिल मानतो की नाही याने. अपॉस्टिल म्हणजे ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कन्व्हेन्शनमधला एक शिक्का, तो एकदा बसला की दुसऱ्या सदस्य देशात सहसा कागद चालतो, दूतावासात खेटे नाहीत. सौदी अरेबियात हे ७ डिसेंबर २०२२ पासून लागू झालं, चीनमध्ये ७ नोव्हेंबर २०२३ पासून. त्याआधी गेलेले लोक तुम्हाला अजूनही दूतावासाची जुनी लांबलचक साखळी सांगतील, त्यांचं चूक नाही, त्यांच्या वेळी तशीच होती. पण एजंट तीच जुनी साखळी सांगून पैसे मागत असेल तर आधी हे कन्व्हेन्शन सांभाळणाऱ्या हेग कॉन्फरन्सच्या वेबसाइटवर सदस्य देशांची यादी बघा. आणि अपॉस्टिल करताना दोन जास्तीच्या कॉपी करून घ्या, नंतर तिकडून कुरिअरने करायला गेलात तर खर्चही जास्त आणि वेळ तर विचारूच नका. सगळ्या पावत्या जपून ठेवा, काही शाळा यातलं बरंच परत देतात पण पावती असेल तरच.

हातात किती घेऊन जायचं? दोन महिने पुरतील एवढे लोक सांगतात. मी म्हणेन तीन महिन्यांचा तिथला खर्च, अधिक घराचं डिपॉझिट, अधिक एक परतीचं तिकीट. ते परतीचं तिकीट वेगळं धरायचं, खर्चात नाही, कारण प्रोबेशनमध्ये शाळेने नारळ दिला किंवा घरी काही झालं तर ते पैसे त्याच दिवशी लागतात.

डिपॉझिट देशोदेशी वेगळं असतं, म्हणून ते आधी विचारून घ्या. जपानमध्ये स्वतः घर घ्यायचं तर शिकिकिन म्हणजे डिपॉझिट, रेइकिन म्हणजे घरमालकाला द्यायचा नजराणा जो कधीच परत येत नाही, एजंटची फी, गॅरंटी कंपनीची फी आणि पहिलं भाडं, असे सगळे मिळून चावी हातात येईपर्यंत कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढे जातात. दुबईत भाडं दर महिन्याला देण्यापेक्षा वर्षाचे एक, दोन, चार असे पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यायची पद्धत आहे, आणि चेकबुक यायला आधी खातं लागतं. त्यामुळे शाळा घर देत असेल तर पहिल्या वर्षी मुकाट्याने घ्या, भले ते आवडो न आवडो. अलाउन्स घेऊन स्वस्तात राहून पैसे वाचवायचे प्लॅन दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

कॅश थोडी न्या, सगळी नाही. मोठी रक्कम नेत असाल तर ती कस्टममध्ये जाहीर करावी लागते, युरोपियन युनियनमध्ये १०,००० युरो आणि त्याच्या वर, अमेरिकेत १०,००० डॉलरच्या वर. नेण्यावर बंदी नाही, न सांगण्यावर आहे.

घरचा फोन नंबर बंद पडू देऊ नका

हे वेगळं लिहितेय कारण यात मी पोळलेय. तिकडे जाऊन तिसऱ्या महिन्यात रात्री घरच्या खात्यातून पैसे वळवायला बसले. लॉगिन झालं, रक्कम टाकली, पुढे गेले आणि स्क्रीनवर आलं, तुमच्या रजिस्टर्ड नंबरवर ओटीपी पाठवलाय. तो नंबर ज्या सिममध्ये होता ते सिम रिचार्ज न केल्याने बंद पडलेलं. नंबर बदलायला काय लागतं, तर ब्रँचमध्ये प्रत्यक्ष हजेरी. किंवा ओटीपी! स्क्रीनवर ३० सेकंदांचा काउंटडाउन संपत होता, पुन्हा पाठवा, पुन्हा पाठवा, आणि मी वेड्यासारखी ते बटण दाबत होते, जणू काही सहाव्यांदा येईल. खातं माझं, पैसे माझे, आणि पुढच्या सुट्टीत घरी जाईपर्यंत त्यांना हात लावता आला नाही.

तर निघायच्या आधी सिम सगळ्यात स्वस्त प्लॅनवर टाका, रोमिंगमध्ये एसएमएस येतो का ते एअरपोर्टवर नाही, आठवडाभर आधी कंपनीला विचारून घ्या, रिचार्जचं रिमाइंडर कॅलेंडरमध्ये टाका. बँकेचं अॅप ओटीपीऐवजी अॅपमधूनच अप्रूव्हल देत असेल तर ते चालू करा. ईमेल रजिस्टर आहे ना बघा, आणि तो जुन्या शाळेचा ईमेल नको, तो तर नोकरी सोडल्या दिवशी बंद होतो. डेबिट कार्डं दोन वेगवेगळ्या बँकांची ठेवा, एक पाकिटात आणि एक घरात, आणि दोन्हींची एक्स्पायरी बघा, करार दोन वर्षांचा आणि कार्ड आठ महिन्यांत संपणार असेल तर आत्ताच नवीन मागा.

तुम्ही परदेशात राहायला चाललाय हे घरच्या बँकेला कळवा. लोक हे लपवतात, उगाच. कॉमन रिपोर्टिंग स्टँडर्ड नावाची व्यवस्था आहे, २०१७ मध्ये ती सुरू झाली आणि आता शंभराच्या वर देश एकमेकांना खात्यांची माहिती आपोआप देतात, म्हणूनच नवीन खातं उघडताना टॅक्स रेसिडेन्सीचा, म्हणजे टॅक्ससाठी तुम्ही कुठले रहिवासी याचा, फॉर्म भरून घेतात. लपवून काही साधत नाही आणि एक दिवस खातं फ्रीझ झालं की मग धावपळ.

पहिले काही आठवडे: मशीनला काय उत्तर द्यायचं

स्थानिक खातं उघडेपर्यंत घरच्या कार्डावर जगायचंय. एटीएमवर किंवा दुकानात मशीन विचारतं, तुमच्या घरच्या करन्सीत चार्ज करू की इथल्या? आपल्याला आपली करन्सी ओळखीची म्हणून आपण हो म्हणतो. म्हणू नका. कायम तिथली करन्सी निवडा. घरची निवडली की रेट तुमची बँक नाही, तो मशीनवाला ठरवतो आणि त्यात स्वतःचं मार्जिन टाकतो, याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. कधीकधी स्क्रीन अशी बनवलेली असते की हिरवं मोठं बटण घरच्या करन्सीचं आणि नकाराचं बटण कोपऱ्यात बारीक. "कन्व्हर्जन नको" दाबलं की वाटतं व्यवहारच रद्द होईल, होत नाही, पैसे येतात.

दर वेळी फिक्स फी कापत असेल तर थोडे थोडे दहादा काढण्यापेक्षा एकदाच जास्त काढा. बाकी यात फार डोकं लावायची गरज नाही, महिन्या-दीड महिन्याचा प्रश्न आहे.

घरी पैसे पाठवणं

इथे मात्र डोकं लावा, कारण हे दर महिन्याला करायचंय.

एक रेट असतो जो बातम्यांत आणि गूगलवर दिसतो, तो मिड-मार्केट रेट. तुम्हाला मिळतो तो त्यापेक्षा कमी. या दोघांतलं अंतर ही खरी फी, वर जी लिहिलेली असते ती फक्त दाखवायची. "झीरो फी" लिहिलेलं दिसलं की मी लगेच रेट बघते. मिड-मार्केट १०० असेल आणि ते ९७.५ देत असतील तर अडीच टक्के गेले, फी शून्यच. दुसरा कोणी फी घेतोय पण रेट ९९.८ देतोय, तर मोठ्या रकमेला तोच स्वस्त. म्हणून कंपेअर करताना एकच आकडा बघायचा, मी इतके पाठवले तर तिकडे खात्यात नक्की किती पडणार. बाकी सगळं विसरा.

वर्ल्ड बँकेची रेमिटन्स प्राइसेस वर्ल्डवाइड नावाची फुकट साइट आहे, तिथे कुठल्या देशातून कुठल्या देशात पाठवायला कोण किती घेतं ते दिसतं. जगभराची सरासरी २०० डॉलर पाठवायला सहा टक्क्यांच्या आसपास राहिलीय, आणि संयुक्त राष्ट्रांनी ठेवलेलं उद्दिष्ट आहे २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली आणायचं. म्हणजे सहा टक्के देत असाल तर तुम्ही एकटेच फसलेले नाही, पण त्याहून बरं मिळू शकतं एवढं नक्की.

बँकेतून थेट पाठवलं तर ते स्विफ्टने जातं. स्विफ्ट १९७३ ची संस्था, ती स्वतः पैसे हलवत नाही, बँकांमध्ये फक्त निरोप पोचवते. तुमच्या बँकेचं आणि तिकडच्या बँकेचं थेट नातं नसेल तर मध्ये एक-दोन बँका येतात आणि त्या वाटेत आपला हिस्सा कापतात, म्हणूनच १,००० पाठवले आणि ९७५ पोचले असं होतं आणि दोन्हीकडच्या बँका म्हणतात आम्ही नाही कापले. फॉर्मवर चार्जेस कोणाचे असा रकाना असतो, सगळे माझे, वाटून, किंवा घेणाऱ्याचे. घरी ठरलेला हप्ता जातोय तर "सगळे माझे" टिक करा, नाहीतर हप्ता थोडक्यात कमी पडतो आणि वर दंड बसतो.

आयबॅन नंबर (परदेशी व्यवहारांसाठीचा लांबलचक खाते क्रमांक) असलेल्या देशांत तो अंकनअंक तपासा, यूएईचा २३ अक्षरांचा असतो, सौदीचा २४. जपान, कोरिया, अमेरिका इथे आयबॅनच नाही, तेव्हा फॉर्म आयबॅन मागतोय म्हणून भलतंच काहीतरी भरू नका. पहिल्यांदा पाठवताना छोटी रक्कम पाठवून बघा, ती पोचली की मग मोठी.

आणि रेट वाढेल म्हणून वाट बघत बसू नका. माझी एक सहकारी चार महिने रोज सकाळी चहाच्या आधी रेट बघायची, शेवटी ज्या दिवशी पाठवले त्या दिवशी चार महिन्यांतला सगळ्यात वाईट रेट होता. मी पगाराच्या दुसऱ्या दिवशी पाठवते, रेट बघून नाही, तारीख बघून.

पगार कुठल्या करन्सीत

काही देशांनी आपली करन्सी डॉलरला बांधून ठेवलीय. यूएईचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५, सौदी रियाल १९८६ पासून ३.७५. तिथे डॉलरच्या हिशोबात पगार वर्षानुवर्षं तोच राहतो, वरखाली काय होईल ते डॉलर आणि तुमच्या घरच्या करन्सीत.

पण सगळीकडे असं नाही. इजिप्तचं उदाहरण घ्या. ६ मार्च २०२४ ला त्यांनी पाउंडचा दर बाजारावर मोकळा सोडला आणि एका दिवसात डॉलरमागे ३१ च्या आसपासचा पाउंड ५० च्या आसपास गेला. ज्या शिक्षकाला महिन्याला ३१,००० पाउंड मिळत होते त्याचे आदल्या दिवशी १,००० डॉलर होत होते, दुसऱ्या दिवशी ६२०. करार तोच, शाळा तीच, वर्गही तोच. याआधी नोव्हेंबर २०१६ मध्येही तिथे हेच झालं होतं. म्हणून अशा देशात जाताना पगाराचा निदान काही भाग डॉलर किंवा युरोत मागा, बऱ्याच इंटरनॅशनल शाळा असा अर्धा-अर्धा करार करतात. तेही जमत नसेल तर तिथे फक्त तिथल्या खर्चापुरते ठेवा आणि उरलेले दर महिन्याला बाहेर काढा. त्यातही आधी विचारा की बाहेर पाठवायला मर्यादा आहे का, कारण काही देशांत पगार मिळतो पण परकीय चलनात बदलून पाठवायला कागदपत्रं आणि ठरलेली मर्यादा असते.

टॅक्स, जमेल तेवढं सोपं करून

"टॅक्स फ्री पगार" म्हणजे तिथे टॅक्स नाही. तुमच्या घरच्या देशात आहे की नाही हा वेगळा प्रश्न आणि तो तुम्ही टॅक्ससाठी कुठले रहिवासी आहात यावर ठरतो. १८३ दिवसांचा नियम (वर्षात तेवढे दिवस जिथे राहिलात तिथले रहिवासी) सगळ्यांनी ऐकलेला असतो पण तो एकटाच नसतो, घर कुठे, कुटुंब कुठे, हेही बरेच देश बघतात. शिक्षकांच्या बाबतीत गंमत अशी की आपण वर्षाच्या मध्ये निघतो, ऑगस्टमध्ये, म्हणजे त्या वर्षी दोन्हीकडे अर्धं अर्धं आणि लांब सुट्टीत घरी येऊन राहिलात की दिवस आणखी वाढतात. पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो काढून ठेवा आणि एका शीटमध्ये येण्याजाण्याच्या तारखा लिहा, पुढे कोणी विचारलं तर तेच कामी येतं. अमेरिकन नागरिक असाल तर कुठेही राहा, रिटर्न भरायचंच आहे.

एक चांगली गोष्ट जी बऱ्याच जणांना माहीत नसते. दोन देशांमधल्या बऱ्याच टॅक्स करारांत शिक्षक आणि प्रोफेसरांसाठी वेगळं कलम असतं, तिकडे शिकवायला गेलात तर साधारण दोन वर्षं त्या देशात टॅक्स माफ. पण काही करारांत असं आहे की मुक्काम दोन वर्षांच्या पुढे गेला तर माफी पहिल्या दिवसापासून रद्द होते. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या करारावर सही करताना पहिल्या दोन वर्षांचा टॅक्स भरायची तयारी ठेवूनच सही करायची. आपल्या दोन देशांचा करार शोधा, त्यात "टीचर्स" शब्द शोधा, कलम वाचा आणि मग टॅक्सवाल्याकडे जा, त्याची फी वसूल होते.

जपानचा रेसिडेंट टॅक्स हा आणखी एक तारखेचा खेळ. तो मागच्या वर्षीच्या कमाईवर लागतो आणि जूनपासून कापला जातो. नवीन आलेल्याला पहिल्या वर्षी काही कापलं जात नाही, वाटतं वा, काय मस्त पगार आहे, आणि दुसऱ्या वर्षी जूनमध्ये पगार अचानक कमी येतो. १ जानेवारीला तुम्ही तिथे राहत असाल तर त्या वर्षीचा टॅक्स लागू, मग मार्चमध्ये देश सोडा नाहीतर एप्रिलमध्ये.

कर्ज

आखाती देशांत शिक्षकाचा पगार नियमित खात्यात येतोय दिसलं की बँकेचा फोन येतो, लोन घ्या, क्रेडिट कार्ड घ्या, गाडी घ्या. नको म्हणा. तिकडे व्हिसा नोकरीला बांधलेला असतो आणि कर्ज थकलं तर देश सोडण्यावरच बंदी येऊ शकते. नोकरी गेली, शेवटचा हिशोब खात्यात आला की बँक कर्जापोटी तेच खातं अडवते. चार वर्षांचं कर्ज आणि दोन वर्षांचा करार, हे गणित कोणीतरी बोर्डवर लिहून दाखवलं असतं तर आपण वर्गातल्या पोरांनाही हसलो असतो, पण गाडीच्या शोरूममध्ये ते सुचत नाही.

निघताना मिळायचे पैसे

हे पैसे आहेत हेच कित्येकांना माहीत नसतं.

यूएईत किमान एक वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटी मिळते, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक पगार, त्यापुढे ३० दिवसांचा. लक्षात घ्या, बेसिक. आता ती सुरुवातीची फोड आठवा. एकूण पगार १०,०००, त्यात बेसिक ८,००० असेल तर वर्षाला ५,६००, तीन वर्षांचे १६,८००. तोच १०,००० पगार पण बेसिक ५,०००, तर तीन वर्षांचे १०,५००. दर महिन्याला दोघांच्या खात्यात सारखेच पैसे पडत होते.

कोरियात एक वर्ष पूर्ण केलं की दर वर्षामागे निदान ३० दिवसांचा सरासरी पगार सेव्हरन्स, म्हणजे नोकरी सोडतानाची रक्कम, म्हणून मिळतो. वर्ष पूर्ण, ११ महिने नाही. म्हणून ११ महिन्यांचा करार समोर आला की तो नेमका ११च का, हे विचारा. तिथे पेन्शनचे कापलेले पैसेही परत मिळू शकतात पण ते तुमच्या पासपोर्टवर अवलंबून, काही देशांच्या लोकांना मिळतात, काहींना नाही.

जपानमध्ये निदान सहा महिने पेन्शन भरलं असेल तर देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज करून एकरकमी पैसे मागता येतात. एम्प्लॉयीज पेन्शनच्या (नोकरदारांच्या पेन्शन योजनेच्या) त्या रकमेतून २०.४२ टक्के टॅक्स कापून घेतात, आणि तो टॅक्सही परत मिळवता येतो, पण त्यासाठी जपानमध्ये राहणारा एक माणूस तुमचा टॅक्स प्रतिनिधी म्हणून नेमावा लागतो, आणि ते निघण्याआधी टॅक्स ऑफिसात करून टाकलेलं बरं. एखाद्या सहकाऱ्याला आधीच विचारून ठेवा, शेवटच्या आठवड्यात सगळे पार्टीत असतात.

कुठलाही देश असो, स्थानिक खातं शेवटच्या दिवशी बंद करू नका. डिपॉझिट, विजेच्या बिलाचं उरलेलं, शेवटचा पगार हे सगळं तुम्ही गेल्यावर येतं आणि खातं बंद असेल तर ते पाठवणाऱ्याकडे परत जातं, मग ईमेल करत बसा. फक्त हेही बघा की व्हिसा रद्द झाला की बँक खातं किती दिवस चालू ठेवते. घराचे फोटो आत शिरताना तारखेसह काढले असतील तर डिपॉझिटच्या वेळी घरमालकाला तेच दाखवायचे, भिंतीवरचा तो डाग, नळाची ती गळती, सगळं. पगाराच्या सगळ्या स्लिपा आणि अनुभवाचं पत्र शाळेच्या ईमेलवर पडलेलं असेल तर ते आधी स्वतःच्या ईमेलवर पाठवा, कारण तो ईमेल कधी बंद करतील ते सांगून करत नाहीत. आणि सीनियर सरांचे उसने पैसे दिले का ते बघा, मी दिले होते, २९ ऑक्टोबरला.